शेपटीपर्यंत पाणी

रुख्माबाईचा आवाज ऐकायला लाउडस्पीकर लागत नाही. तिरोड्याहून बोदलकशाच्या रस्त्याला लागलं, की खैरटोला दिसण्याआधी तिचा आवाज येतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभी राहून ती खाली काम करणाऱ्या माणसाला हाक मारते आणि तो बिचारा जागच्या जागी दचकतो. "उदाराम गाऽ! झोपला का बे धुऱ्यावर? पानी वाहून चाललं नं सप्पा!" उदाराम काही झोपलेला नसतो, आणि पाणीही काही सप्पा, म्हणजे सगळं, वाहून जात नसतं. पण थोडं वाढवून सांगितल्याशिवाय रुख्माबाईला चैन पडत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही त्यातच मजा येते.

ती गावाची पाणकर. आमच्या झाडीपट्टीत धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात आणि बांधीभोवतीच्या मातीच्या कडेला धुरा. पाऊस आहे तोवर ठीक, तो थांबला की तलावाचं पाणी पाटातून ज्याच्या त्याच्या बांधीत पोचवायचं, हे पाणकराचं काम. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. तुडूम कधी उघडायचं, कधी मिटायचं, आज कुणाचा धुरा फोडायचा आणि उद्या कुणाचा, हे सगळं पाणकराच्या शब्दावर चालतं. आणि हा शब्द आजवर पुरुषाचाच होता. रुख्माबाईचा नवरा बकाराम पाणकर, त्याचा बाप पाणकर, आजाही पाणकर. १९९९ च्या पावसाळ्यात बकाराम तुडुमाच्या दगडांवरून घसरला आणि कमरेचं हाड मोडून घरी बसला. शेतात धान पाण्यासाठी टाचा घासत होता. आता पाणी कोण सोडणार, म्हणून मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली. ती बसलीच राहिली. इकडे रुख्माबाईनं लुगडं खोचलं, नवऱ्याचा फावडा खांद्यावर टाकला आणि तुडूम उघडून आली. बैठकीला ही बातमी पोचली तेव्हा पाणी पहिल्या बांधीत शिरलं होतं. मग कोण काय बोलतो!

बोलणारे नंतर बोललेच. बाईमाणूस, हिला काय जमते, वगैरे वगैरे. दोन हंगामांत सगळ्यांची तोंडं बंद झाली. फक्त एक गोष्ट तिलाही जमली नाही, आणि ती तिच्या उरात सलत राहिली. ती म्हणजे शेपटी.

पाट जिथं संपतो तो भाग म्हणजे शेपटी. रिवाज असा, की आधी तलावाजवळच्या वरच्या बांध्या काठोकाठ भरायच्या, मग त्यांच्या खालच्या, मग त्याच्याही खालच्या. दसरा उलटला की पाऊस गेलेला असतो आणि दाण्यात दूध भरायची वेळ झालेली असते. नेमकं तेव्हाच धानाला शेवटचं पाणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच तलावात चिखल उरतो. शेपटीला पाणी कधी पोचलंच नाही. नंदाबाई नावाची एकटी बाई तिथं बांधी कसायची. दरवर्षी तिचा धान पोचट निघायचा आणि दरवर्षी ती बोचकं बांधून नागपूरकडे कामाला जायची. आणि त्या नंदाबाईच्याही पलीकडे, अगदी शेवटची बांधी कुणाची, तर पाणकराची! मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, काळात बकारामच्या आजाला ती मिळाली होती. पाणकरानं स्वतःला आधी पाणी घेतलं तर गाव त्याला चोर म्हणेल, म्हणून त्याची बांधी सगळ्यांच्या शेवटी. गावभर पाणी वाटणाऱ्या बाईची स्वतःची बांधी ऐन वेळेला कोरडी. ती हसून म्हणायची, "सप्पा गावाले वाढून झालं का भाजीच्या गंजात काई उरत नाई, वं." पण हसताना तिचं तोंड वाकडं व्हायचं.

मग २०११ साल उजाडलं आणि एकाच पावसाळ्यात खैरटोल्याला दोन सरकारं आली.

पहिलं आलं दिल्लीचं. म्हणजे जीपमधून उतरली ती हर्षा, आपल्या आमगावचीच पोरगी, शेतकी शिकलेली आणि दिल्लीच्या कुठल्याशा प्रयोगावर नोकरीला लागलेली. तिच्याजवळ भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप होते आणि काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या मोठ्या पेट्या. लोक जमले. हर्षानं समजावून सांगितलं. जग तापून राहिलं आहे, दिल्लीनं दोन-तीन वर्षांमागे त्यावर मोठा आराखडा काढला आहे, आणि धानाच्या बांधीतून एक वायू निघतो त्याचाही त्यात हात आहे. पाणी सारखं साचून राहिलं की चिखलाला हवा मिळत नाही, आतला काडीकचरा कुजतो आणि गोबरगॅसमध्ये तयार होतो तोच गॅस बुडबुड्यांनी वर येतो.

रुख्माबाईनं तोंडावर पदर धरला, पण तिला राहवलं नाही. "म्हंजे आमच्या बांध्या पादतात म्हना नं, पोरी!"

असा हशा पिकला की विचारू नका. हर्षाही हसली आणि म्हणाली, "हो मावशी, तसंच समजा. आणि त्याला औषध सोपं आहे. मधून मधून बांधी सुकू द्यायची. हा पाइप जमिनीत गाडायचा. वरचं पाणी आटलं तरी पाइपात वाकून पाहिलं की खालचं पाणी दिसतं. ते वीतभर खाली जाईपर्यंत धानाला काही होत नाही. त्याच्या खाली गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. गॅस कमी, आणि पाणीही वाचतं."

गॅसचं रुख्माबाईला फारसं काही वाटलं नाही. पण 'पाणी वाचतं' हे शब्द ऐकले आणि ती हर्षाच्या जवळ सरकली. वाचलेलं पाणी कुठं जाईल? शेपटीला! दुसरं कुठं जाणार? तिनं तिथल्या तिथे रूपलाल पटेलांना गळ घातली. रूपलाल पटेल म्हणजे गावातले मोठे पोवार शेतकरी, तलावाच्या अगदी तोंडाशी त्यांची बांधी, रस्त्याला लागून. पटेल तसे हौशी माणूस. म्हणाले, "करा बाई, माह्या बांधीत करा. दिल्ली माह्या घरी येत असन तं मी कायले नाई म्हनू?"

दुसरं सरकार आलं मोटरसायकलवर. राज्याच्या खात्याचे घनश्याम साहेब, गोंदियाचे, बोलताना अर्धी मराठी अर्धी हिंदी. त्यांचंही काम हवामानाचंच म्हणा. पाऊस आता भरवशाचा राहिला नाही, म्हणून जुने तलाव दुरुस्त करा, बांध्या ओलिताखाली आणा, शेतकरी वाचवा. त्यात खोटं काय आहे? पण ओलीत झालं की नाही हे ठरवायची त्यांची एकच रीत. बांधीत पाणी उभं दिसलं पाहिजे. "रुख्माबाई, दसऱ्याच्या आधी मी पाहायला येईन. सगळं लबालब पाहिजे, समझी? नाहीतर तलाव फेल, आणि पुढची दुरुस्ती गेली पानी में."

आता बघा, दिल्ली म्हणते सुकवा, राज्य म्हणतं भरा. दोघांचं दुखणं एकच, पण वैद्य दोन, आणि खाटेवर रुख्माबाई!

पोळा झाला आणि पाऊस दडी मारून बसला. हर्षाच्या सांगण्यावरून रुख्माबाईनं पटेलांच्या बांधीतलं पाणी काढून दिलं आणि पाणी आत यायचं तोंड बंद केलं. चार-पाच दिवसांत मातीला बारीक बारीक भेगा पडल्या. पाइपात वाकून पाहिलं तर पाणी दिसायचं, पण रस्त्यानं जाणारा माणूस पाइपात कशाला वाकतो? त्याला दिसायची तडकलेली बांधी. तीही पटेलांची. धानाच्या गावात तडकलेली बांधी म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे, नाहीतर पाणकराशी भांडण तरी झालं आहे. गाव हळहळू लागलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी हर्षा पेट्या घेऊन आली. पेट्या धानावर ठेवून आतल्या हवेचे नमुने घ्यायचे होते. येते तो काय, बांधी काठोकाठ भरलेली आणि बेडूक ओरडून राहिलेले!

"मावशी, हे काय?" पोरीचा आवाज रडवेला झाला.

रुख्माबाईनं आधी तुडुमाकडे धाव घेतली. तुडूम तर बंद होतं. ती तशीच पाळीवर चढली आणि तिनं गावाला जी हाक मारली, ती म्हणे बोदलकशाला ऐकू गेली. "कोनं रे? कोनं पानी सोडलं पटेलाच्या बांधीत? बाहेर ये म्हनतो नं!"

लोक आले. पहिला बिसराम, मान खाली घालून. "मी तं बजारातून येता येता पायानं धुऱ्याची थोडीशी माती सरकवली वं. पटेलाची बांधी तशी पाहून मले जेवन गेलं नाई."

उदाराम म्हणाला, "माह्या बांधीत जास्तीचं होतं, म्हनलं द्यावं. मंग शेजारी कायले हाये मी?"

पटेलांच्या घरून भूमेश्वरीबाई, म्हणजे पटेलांची बायको, ताठ मानेनं आली. "मीबी पाटात साचलेलं सोडलं. लोकं काय म्हनतीन? पटेलाच्या घरी धान वाळून रायला! मले सहन होत नाई."

आणि सगळ्यांच्या मागून काठीच्या ठकठकीबरोबर आवाज आला, "मीबी."

बकाराम! रुख्माबाईनं कपाळाला हात लावला. "अजी, तुमाले तं दारापल्याड जाता येत नाई!"

"बसत-उठत गेलो," बकाराम म्हणाला. "बांधी तडकली म्हनून आयकलं, मंग बसवलं नाई. पानकर हाये नं मी."

आता यांना काय बोलणार? रागवावं तर कुणावर? प्रत्येकानं दुसऱ्यासाठी चांगलंच केलेलं! रुख्माबाई संतापली आणि तिला तितक्यातच हसूही यायला लागलं. त्याच घटकेला फटफटीचा आवाज आला आणि घनश्याम साहेब उतरले. भरलेली बांधी पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अरे वाह! क्या बात है! पटेल, असंच पाहिजे पानी!" आणि त्यांनी मोबाइल काढून फोटोही घेतला.

"साहेब, ही बांधी सुकायला पाहिजे होती," हर्षा म्हणाली.

"सुकायला? मॅडम, तुमची दिल्ली सांगेल आणि आम्ही धान मारायचा?"

"धान मरत नाही, साहेब. राज्यांनीही आपापला आराखडा करायचा आहे, तुम्हीही त्यात..."

"बनून राहिला आमचा आराखडा! तो येईल तेव्हा येईल. आज मी वरती काय दाखवू, भेगा?"

दोघांची अशी जुंपली की गाव एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. रुख्माबाई मध्ये उभी. आणि तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "चूप राहा नं बाप्पा, दोघंबी! मले समजलं!"

दोघांनीही माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

"एकाची बांधी सुकली तं सप्पा गावाले दया येते. सप्प्यांचीच सुकली तं कोनाले कोनाची दया येईन? एकाची नाई, सप्प्यांची बांधी सुकवा. तुडूमच बंद! मंग पाहू कोन कुठून पानी आनते ते!"

गावाला घाम फुटला. मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली, आणि या वेळी रुख्माबाई बैठकीत होती. बिसराम म्हणाला, बाई भैताडली, डोकं फिरलं हिचं. भूमेश्वरीबाई म्हणाली, पोराबाळांच्या तोंडचा घास आहे. घनश्याम साहेब म्हणाले, "मी मना करतो. लिहून देणार नाही, पण मना करतो." हर्षा घाबरून म्हणाली, मावशी, आपण एकाच बांधीचं ठरवलं होतं.

रुख्माबाईनं फावडा उचलला आणि ओट्यावर ठेवला. "साहेब, दसरा झाल्यावर या. तुमाले पानी दाखवतो. इथं नाई, शेपटीत दाखवतो. तुमच्या खात्यात शेपटी कधी ओलिताची लिवली का? नाई लिवली. या वर्सी लिवान. अना पानी नाई पोचलं, कोनाचा धान वाळला, तं हा फावडा इथंच राहीन. मी पानकर नाई, माह्या घरचा कोनीच पानकर नाई. झालं?"

बकाराम खाली बघत होता. तीन पिढ्यांचा फावडा बायकोनं पणाला लावला होता. पण त्यानं तिला अडवलं नाही. सगळ्यांत आधी रूपलाल पटेल उठले आणि म्हणाले, "बंद करा तुडूम. सुकन तं माहीबी सुकन."

मग जे दिवस गेले ते काय सांगावे! गाव सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी पाइपावर धावायचं. हर्षानं जागोजागी पाइप गाडून दिले होते. म्हातारे वाकून बघत, बायका डोक्यावरचा भारा उतरवून बघत. "हाये! हाये गा, पानी हाये!" असा ओरडा झाला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. उदाराम दुपारी दोनदा बघून यायचा आणि पाइपात पाणी नेमकं कुठवर आहे ते बोटानं दाखवायचा. भेगा रुंदावल्या. भूमेश्वरीबाई रोज धुऱ्यावर उभी राहून रुख्माबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि रुख्माबाई पाळीवरून तितक्याच जोरात तिला उत्तर द्यायची. पण खरं सांगायचं तर रुख्माबाईच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती. ती भेगांत बोटं घालून ओल चाचपायची. चुकलं तर? गाव उपाशी मरेल, आणि नाव आपलं लागेल. तिला पळून जावंसं वाटायचं.

मग एका सकाळी पाइपातलं पाणी वितीखाली गेलं आणि हर्षा म्हणाली, "मावशी, सोडा." तुडूम उघडलं. तहानलेल्या मातीनं पाणी असं ओढलं की आवाज येत होता. शेपटी तेवढी अजून पावसाच्या ओलीवर होती, बाकी सगळ्या बांध्या भिजल्या, पण काठोकाठ कुणीच भरली नाही. भिजली की तोंड बंद, पुढच्याला! असं पुन्हा एकदा झालं, मग आणखी एकदा. धान पिवळा पडला नाही. उलट बुडाशी नवे फुटवे दिसायला लागले, आणि भूमेश्वरीबाईनं शिव्या द्यायचं सोडून धुऱ्यावर बसून रुख्माबाईला चहा पाजला. दसऱ्याच्या तोंडावर हर्षाचा फोन आला, ती आनंदानं किंचाळतच होती. पहिल्या नमुन्यांत गॅस नेहमीच्या निम्म्याच्या आसपास निघाला होता. रुख्माबाई म्हणाली, "बरं झालं पोरी, पोट साफ झालं बांध्यांचं. आता इकडे ये, तलाव पाह्य!"

तलाव! दसरा झाला तरी तलावात पाणी पसरलेलं होतं, त्यावर ऊन चमकत होतं. ढिवर लोक जाळी टाकून राहिले होते, या दिवसांत ते कधी कुणी पाहिलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे घनश्याम साहेब आले. हर्षा आली. रुख्माबाईनं तुडूम उघडलं आणि वरच्या कुणाच्याही धुऱ्याला हात न लावता पाणी सरळ पाटानं सोडलं. पाणी निघालं आणि रुख्माबाई त्याच्याबरोबर पाटाच्या काठानं धावत सुटली. तिच्यामागं बिसराम, उदाराम, बायका, सगळं गाव. पटेलांनी बकारामला बैलबंडीत घालून आणलं. पाणी वाळल्या पाटातला पालापाचोळा पुढं ढकलत चाललं होतं. ज्या पाटात कधी पाणी आलं नव्हतं तिथं गवत माजलेलं होतं, तिथं पाणी अडलं की लोक हातांनी गवत उपटत होते. घनश्याम साहेबांनी बूट काढून हातात घेतले आणि तेही उपटू लागले.

शेपटीला लागूनच नंदाबाईचं घर, दारात तिचं बोचकं बांधून तयार होतं. आरडाओरडा ऐकून ती बाहेर आली आणि पाणी पाहून मटकन खाली बसली. तिच्या बांधीत पाणी शिरलं तेव्हा तिनं दोन्ही हातांत माती घेतली आणि रडत रडत हसली. "मी नाई जात वं आता नागपूरले. नाई जात."

"मॅडम, एक फोटो घेऊ," साहेब धापा टाकत हर्षाला म्हणाले. "हे आमच्या ओलितात येतं."

"आणि आमच्या प्रयोगातही," हर्षा म्हणाली.

"दोघंबी लिवा! दिल्लीत लिवा, मुंबईत लिवा, कागद लागन तं मी देतो!" रुख्माबाई ओरडली, आणि तिच्याबरोबर सगळे हसले.

नंदाबाईची बांधी भिजली. पाणी पुढं सरकलं आणि शेवटच्या धुऱ्याला येऊन लागलं. पलीकडे पाणकराची बांधी, लोंब्या झुकलेली, दाण्यात दूध धरलेली. सगळे बाजूला झाले. रुख्माबाईनं फावडा उचलला आणि ती तशीच थांबली.

गावातल्या प्रत्येक बांधीचं तोंड तिला अंधारातही सापडत होतं. इथं तोंडच नव्हतं. धुरा एकसारखा, गवतानं बांधलेला, कधीच न फोडलेला. तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. पाणी तटलं होतं.

"अजी," तिनं बंडीकडे वळून विचारलं, आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज जवळच्यालाही जेमतेम ऐकू आला. "कुठून फोडू?"

बकारामचे डोळे वाहत होते. "मले काय मालूम वं?" तो म्हणाला. "माह्या बापानंबी इथून कधी फोडला नाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि समोर दिसेल तिथं फावडा मारला.